कार्व्हरांच्या गावातली विमानशाळा

टस्कीगी हे नाव मराठी वाचकाला नवीन नाही. वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' 1981 साली आलं आणि अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं हे छोटं गाव आपल्या घराघरात पोचलं. भुईमूग, रताळी, कापसाने निकस झालेली जमीन, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी उभी केलेली संस्था, हे सगळं माझ्या पिढीतल्या वाचणाऱ्या पोरांना जवळपास पाठ होतं. पण त्याच गावात, कार्व्हर हयात असताना, लष्करासाठी वैमानिक तयार करणारी शाळा सुरू झाली, हे फार थोड्यांना माहीत असतं. कार्व्हर 5 जानेवारी 1943 ला गेले. त्याआधीचं जवळपास दीड वर्ष त्यांच्या गावाच्या आभाळात लष्कराच्या प्रशिक्षणाची विमानं घिरट्या घालत होती. चालवणारी सगळी पोरं कृष्णवर्णीय.

त्या शाळेच्या जागी आज संग्रहालय आहे. त्याबद्दल आज लिहायचं कारण सांगतो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेत सरकार बदललं. विविधता-समावेशकतेचे कार्यक्रम बंद करा, असा आदेश निघाला. त्यापाठोपाठ टेक्सासमधल्या लॅकलँड हवाई तळावर नव्या रंगरूटांना दाखवायचे काही व्हिडिओ अभ्यासक्रमातून काढले गेले. त्यात टस्कीगीच्या वैमानिकांवरचा व्हिडिओ होता. दुसऱ्या महायुद्धात विमानं उडवणाऱ्या महिला वैमानिकांवरचाही होता. बोंबाबोंब झाली आणि काही दिवसांतच व्हिडिओ परत आले. आपल्याकडे ही बातमी दोन ओळींत आली नि गेली. मला मात्र ती सोडवेना.

मी अलाबामाला गेलेलो नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान खात्याने या जागेबद्दल जे खुलं ठेवलंय ते आणि त्यांच्या हवाई दलाच्या इतिहासकारांनी लिहिलेलं, असं मिळेल तसं वाचत गेलो. पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी जागा बघू

मोटन फील्ड. बुकर टी. वॉशिंग्टन यांच्यानंतर टस्कीगी संस्थेचे प्रमुख झालेले रॉबर्ट रूसा मोटन, त्यांचं नाव या धावपट्टीला दिलंय. युद्ध संपलं, 1946 साली शाळा बंद झाली आणि जागा विस्मरणात गेली. दोन हँगरपैकी एक तर 1989 साली जळून गेला. 1998 साली अमेरिकी संसदेने कायदा करून ही जागा राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केली. पहिल्या हँगरमधलं प्रदर्शन ऑक्टोबर 2008 मध्ये उघडलं. जळालेला दुसरा हँगर पुन्हा बांधून त्यातलं प्रदर्शन फेब्रुवारी 2014 मध्ये. म्हणजे शाळा बंद झाल्यावर तिचा इतिहास मांडायला साठेक वर्षं लागली.

पहिल्या हँगरमध्ये 1940 च्या दशकातली चालू शाळा उभी केली आहे. स्टीअरमन नावाचं दोन पंखांचं, उघड्या कॉकपिटचं शिकाऊ विमान, पायपर कब, हत्यारं, पॅराशूट, कचेरीची टेबलं. दुसऱ्यात युद्ध आणि युद्धानंतरची कथा, आणि छताला टांगलेली, लाल शेपटीच्या पी-51 मस्टँग लढाऊ विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती. दोन इमारतींची ही विभागणी मला फार आवडली. साधारण लष्करी संग्रहालयात आपण शिरतो ते थेट तोफ-रणगाड्यापाशी. इथे आधी वर्ग दाखवलाय, मग पराक्रम.

आणि सगळ्यात मोलाची गोष्ट काचेच्या पेटीत नाहीच. हे स्थळ उभं करताना उद्यान खात्याने 800 च्या वर मुलाखती रेकॉर्ड केल्या. फक्त वैमानिकांच्या नाहीत. मेकॅनिक, पॅराशूट घडी करणाऱ्या बायका, नर्स, कारकून. टस्कीगीच्या या प्रयोगात सगळे मिळून सुमारे 15,000 लोक होते असं मानतात. त्यातले पदवी घेऊन वैमानिक झालेले 992.

शाळा निघाली कशी

1925 साली अमेरिकी लष्कराच्या वॉर कॉलेजने एक अहवाल तयार केला. विषय होता, युद्धात कृष्णवर्णीय मनुष्यबळ कसं वापरावं. त्यात लिहिलं होतं की या लोकांची कवटी लहान, मेंदूचं वजन कमी, धाडस कमी, अंधारात-संकटात घाबरतात, गोऱ्या अधिकाऱ्याशिवाय यांचं काही खरं नाही. दारूच्या गुत्त्यावरची ही बडबड नाही. शिकलेल्या अधिकाऱ्यांनी शास्त्राच्या भाषेत लिहून वर पाठवलेला कागद आहे. पुढची पंधरा वर्षं लष्कराची धोरणं याच वळणाने चालली. हवाई दलात कृष्णवर्णीय माणसाला प्रवेशच नव्हता. कारण विचारलं तर उत्तर ठरलेलं: कृष्णवर्णीयांची हवाई तुकडीच नाही, मग तुम्हाला घेऊन ठेवायचं कुठे? आणि तुकडी का नाही? तर कृष्णवर्णीय वैमानिकच नाहीत म्हणून.

असं गोल गोल फिरवणारं उत्तर आपल्यालाही सरकारी कचेरीत कधी ना कधी मिळालेलं असतं.

वैमानिक नव्हते असंही नाही. चार्ल्स अल्फ्रेड अँडरसन या पेनसिल्व्हेनियातल्या तरुणाला कोणी शिकवायला तयार होईना, तेव्हा त्याने उसने पैसे घेऊन विमानच विकत घेतलं आणि 1929 साली परवाना मिळवला. व्यावसायिक परवान्यासाठी त्याला मदत केली ती पहिल्या महायुद्धात जर्मनीसाठी उडालेल्या अर्न्स्ट ब्यूल नावाच्या माणसाने. 1933 साली अँडरसन आणि डॉ. अल्बर्ट फोरसाइथ यांनी अमेरिकेच्या या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर आणि परत, असा विमानप्रवास केला. हाच अँडरसन पुढे टस्कीगीत मुख्य प्रशिक्षक झाला. पोरं त्याला 'चीफ' म्हणत.

1939 साली युरोपात युद्ध पेटायच्या बेताला सरकारने कॉलेजांमधून नागरी वैमानिक तयार करायची योजना काढली. कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी आणि एनएएसीपीसारख्या संघटनांनी धोशा लावला, आणि टस्कीगीसह काही कृष्णवर्णीय संस्थांना त्यात जागा मिळाली. आता 'वैमानिकच नाहीत' हे म्हणायची सोय राहिली नाही. जानेवारी 1941 मध्ये हॉवर्ड विद्यापीठाचा यान्सी विल्यम्स हा विद्यार्थी, ज्याच्याकडे उड्डाणाचा परवाना होता, तो थेट युद्धखात्याविरुद्ध कोर्टात जायला निघाला. त्याच सुमारास, 16 जानेवारीला, खात्याने जाहीर केलं: कृष्णवर्णीयांची एक स्क्वॉड्रन काढू. वेगळी. फक्त त्यांची.

हे 'वेगळी' नीट लक्षात घ्या. हवाई दलाचं दार उघडलं नव्हतं. शेजारी एक खिडकी पाडून दिली होती. तेव्हाच्या अनेक कृष्णवर्णीय नेत्यांना हे मुळीच मान्य नव्हतं. विभागणीची शाळा स्वीकारली की विभागणीलाच मान्यता दिल्यासारखं होतं, असं त्यांचं म्हणणं. टस्कीगी संस्थेचं म्हणणं, आधी आत तर शिरू. हा वाद खोटा नव्हता आणि दोन्ही बाजूंना वजन होतं.

एलेनॉर बाईंचं उड्डाण

या शाळेबद्दल एक गोष्ट हमखास सांगतात. राष्ट्राध्यक्ष रुझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर टस्कीगीला आल्या, सुरक्षारक्षक नको नको म्हणत असताना चीफ अँडरसनच्या विमानात बसल्या, फिरून आल्या, नवऱ्याला सांगितलं आणि शाळा सुरू झाली. गोष्ट छान आहे. फोटोही आहे: पुढे अँडरसन, मागे हसणाऱ्या एलेनॉर.

उड्डाण खरं आहे. पण तारीख आहे 29 मार्च 1941. स्क्वॉड्रनची घोषणा 16 जानेवारीची. निर्णय आधी झाला, बाई नंतर आल्या. मग त्यांचं श्रेय काय? त्या ज्युलियस रोझेनवाल्ड फंडाच्या विश्वस्त होत्या, आणि धावपट्टी बांधायला फंडाने संस्थेला 1,75,000 डॉलरचं कर्ज दिलं. शिवाय त्या काळात गोऱ्या बाईने, तेही राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीने, कृष्णवर्णीय माणसाच्या हातात आपला जीव देऊन आभाळात जाणं आणि तो फोटो छापून येणं, ही दक्षिणेकडच्या राज्यांत लहान गोष्ट नव्हती. एवढं श्रेय भरपूर झालं. यान्सी विल्यम्सचं श्रेय काढून त्यांना द्यायची गरज नाही. गंमत अशी की कोर्टात जायला निघालेला पोरगा कुणाच्या लक्षात राहत नाही, फोटोतली बाई राहते.

शाळेत काय चालायचं

मोटन फील्ड बांधण्यात संस्थेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. कार्व्हरांच्या गोष्टीत वाचलेलं आठवत असेल, टस्कीगी संस्था ही अशीच, विद्यार्थ्यांनी विटा पाडून उभी केलेली. हँगरही त्याच परंपरेतला.

प्रशिक्षण तीन टप्प्यांत. पहिला टप्पा मोटन फील्डवर. हा लष्कराने संस्थेला कंत्राटाने दिलेला, आणि शिकवणारे बहुतेक कृष्णवर्णीय नागरी प्रशिक्षक. स्टीअरमनवर उडायला शिकायचं. जमलं तर काही मैलांवरच्या टस्कीगी लष्करी हवाई तळावर पुढचे दोन टप्पे, जास्त ताकदीची विमानं आणि गोरे लष्करी प्रशिक्षक. तो तळ मॅकिसॅक अँड मॅकिसॅक या कृष्णवर्णीय मालकांच्या कंपनीने बांधला. कुठल्याही टप्प्यावर प्रशिक्षकाला वाटलं की जमत नाही, तर बाहेर. आणि मेकॅनिक, हवामान, शस्त्रं, रेडिओ या कामांची माणसंही कृष्णवर्णीयच हवीत, कारण स्क्वॉड्रन 'वेगळी' ना! त्यामुळे पहिल्या तंत्रज्ञांना शिकायला इलिनॉय राज्यातल्या शान्यूट तळावर पाठवलं.

पहिली तुकडी 19 जुलै 1941 ला सुरू झाली. 13 जण. मार्च 1942 मध्ये पदवी मिळाली 5 जणांना: बेंजामिन ओ. डेव्हिस ज्युनियर, लेम्युएल कस्टिस, चार्ल्स डिबो, जॉर्ज रॉबर्ट्स आणि मॅक रॉस.

डेव्हिस यांच्याबद्दल थांबून सांगायला हवं. वेस्ट पॉइंट या अमेरिकेच्या लष्करी अकादमीत ते 1932 साली दाखल झाले. चार वर्षं त्यांच्याशी कुणीही बोललं नाही. अतिशयोक्ती नाही ही. कामापुरतं सोडून कुणी बोलायचं नाही, खोलीत सोबती नाही, जेवायला शेजारी नाही. पोरगा कंटाळून निघून जाईल असा हिशेब. तो गेला नाही. 276 जणांत 35 वा येऊन 1936 साली बाहेर पडला. हवाई दल मागितलं, नाही म्हणाले. पाच वर्षांनी टस्कीगी झाली तेव्हा याच माणसाला तिथे पाठवावं लागलं, कारण स्क्वॉड्रनचं नेतृत्व करायला कृष्णवर्णीय अधिकारी दुसरा होता कुठे?

तळावरही दोन जगं होती. कर्नल फ्रेडरिक फॉन किंबल यांच्या काळात गोऱ्यांचं आणि काळ्यांचं जेवण वेगळं, बसणं वेगळं. त्यांच्या जागी आलेले नोएल पॅरिश हेही दक्षिणेतलेच गोरे, पण त्यांनी पोरांना पोरांसारखं वागवलं आणि चांगल्याला चांगलं म्हटलं. माणूस बदलला की तीच कचेरी कशी वेगळी चालते, हे तालुक्याच्या गावात राहणाऱ्यांना मी काय सांगावं!

त्याच गावात, त्याच वेळी

आता एक कडू गोष्ट. ती सोडून टस्कीगीबद्दल लिहिता येत नाही.

1932 पासून याच परिसरात अमेरिकेचं सार्वजनिक आरोग्य खातं एक 'अभ्यास' करत होतं. 600 गरीब कृष्णवर्णीय पुरुष, त्यातल्या 399 जणांना सिफिलिस हा गुप्तरोग. त्यांना आजाराचं खरं नाव सांगितलं नाही, आणि उपचार न करता रोग शरीराचं काय करतो हे नुसतं बघत बसले. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही दिलं नाही. 1972 साली पत्रकारांनी हे बाहेर काढलं तेव्हाच ते थांबलं. 1997 साली राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी देशातर्फे माफी मागितली.

इथेही सांगोवांगी आहे. 'सरकारने टस्कीगीच्या लोकांना रोगाची इंजेक्शनं दिली', 'वैमानिकांवर प्रयोग केले', असं लोक बोलतात. तसं झालं नाही. रोग आधीच होता, उपचार अडवला. वैमानिकांचा त्या अभ्यासाशी संबंध नव्हता. पण जे घडलं तेच इतकं भयंकर आहे की वर मीठमसाला कशाला? 1941 साली एकाच गावात तेच सरकार काही पोरांना देशासाठी विमान चालवायला शिकवत होतं आणि त्यांच्याच रंगाच्या काही माणसांना मरताना मोजत होतं. एवढं सरळ वाक्य पुरेसं आहे.

परीक्षा

99 वी स्क्वॉड्रन एप्रिल 1943 मध्ये उत्तर आफ्रिकेत गेली. जूनमध्ये पॅन्टेलेरिया बेटावर पहिली कामगिरी. 2 जुलैला चार्ल्स हॉल यांनी पहिलं जर्मन विमान पाडलं. पण सप्टेंबरमध्येच वरिष्ठ गोऱ्या अधिकाऱ्यांचा शेरा वर गेला: यांच्यात आक्रमकपणा नाही, शिस्त टिकत नाही, मागच्या कामाला लावा. म्हणजे 1925 चा अहवालच नव्या कागदावर.

डेव्हिस वॉशिंग्टनला जाऊन चौकशी समितीपुढे उभे राहिले आणि शांतपणे हिशेब मांडला. इतर नव्या तुकड्यांत दोन-चार अनुभवी वैमानिक घालून देतात. आमच्यात अनुभवी कुठून येणार, तुम्ही आधी कुणाला उडूच दिलं नाही! बदली वैमानिक फक्त टस्कीगीतूनच यायचे, ते पुरेसे येत नाहीत, म्हणून माझी पोरं जास्त फेऱ्या करतात आणि थकतात. लष्कराने तुलना करून बघितली. त्याच प्रकारची विमानं चालवणाऱ्या इतर स्क्वॉड्रनच्या तुलनेत 99 व्या तुकडीच्या कामात लक्षणीय फरक नाही, असा निष्कर्ष निघाला. तोवर जानेवारी 1944 मध्ये इटलीत आन्झिओच्या आभाळात दोन दिवसांत या पोरांनी डझनभराच्या आसपास विमानं पाडून उत्तर दिलेलं होतं.

पुढे 332 वा फायटर ग्रुप, शेपट्या लाल रंगवलेल्या, काम बॉम्बर विमानांना संरक्षण देण्याचं. 24 मार्च 1945 ला बर्लिनच्या मोहिमेत जर्मनांची तीन जेट विमानं यांनी पाडली. परदेशी गेलेले लढाऊ वैमानिक 355. शत्रूची 112 विमानं हवेत पाडल्याची नोंद त्यांच्या नावावर आहे.

'एकही बॉम्बर गमावला नाही'

आणि इथे येते सगळ्यात मोठी दंतकथा. युद्ध संपता संपता कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रात छापून आलं की लाल शेपटीवाल्यांनी संरक्षण दिलेला एकही बॉम्बर शत्रूच्या विमानांनी पाडला नाही. पुढची साठ वर्षं हे वाक्य पुस्तकांत, भाषणांत, टीव्हीवर चाललं. मग 2006-07 च्या सुमारास हवाई दलाचे इतिहासकार डॅनियल हॉलमन यांनी मोहिमांचे कागद एकाला एक लावून बघितले. आकडा निघाला 27. 'शून्य' चुकीचं होतं.

काही लोक दुखावले. म्हातारे वैमानिक तेव्हा हयात होते. पण हॉलमन यांनी दुसरा आकडाही काढला. त्याच पंधराव्या वायुदलातल्या इतर संरक्षक ग्रुपांनी सरासरी 46 बॉम्बर गमावले होते. म्हणजे टस्कीगीची पोरं सरासरीपेक्षा बरीच चांगली होती. ज्यांना उडता येणारच नाही असं शास्त्राच्या नावाने लिहून ठेवलं होतं, त्यांनी 46 च्या जागी 27 करून दाखवलं. मला विचाराल तर हा आकडा त्या शून्यापेक्षा मोठा आहे. शून्य देवाचं असतं, 27 माणसाचं.

पत्रकार म्हणून मला यातली एक व्यावहारिक गोष्टही दिसते. अतिशयोक्ती आपल्या माणसाच्या प्रेमापोटी केली तरी ती विरोधकाच्या हातात काठी देते. 'शून्य खोटं निघालं ना, मग बाकीचंही खोटंच असेल', हे म्हणायला कितीसा वेळ लागतो? खरा कागद असेल तर अभ्यासक्रमातून व्हिडिओ काढणाऱ्याला तो आठवडाभरात परत लावावा लागतो.

घरी परतल्यावर

देशासाठी लढायला तयार झालेल्यांना देशातच कसं वागवलं? एप्रिल 1945, इंडियाना राज्यातला फ्रीमन फील्ड तळ. टस्कीगीत शिकलेल्या अधिकाऱ्यांना ऑफिसर्स क्लबात प्रवेश नाही. लष्कराच्याच नियमात असा भेद बसत नव्हता, म्हणून युक्ती काढली: हे 'प्रशिक्षणार्थी', ते 'प्रशिक्षक', क्लब प्रशिक्षकांचा. पोरं सरळ आत गेली. अटका झाल्या. मग वेगळ्या क्लबाचा नियम मान्य असल्याच्या कागदावर सही मागितली. 101 अधिकाऱ्यांनी सही करायला नकार दिला. युद्धकाळात हुकूम मोडण्याची शिक्षा काय असू शकते हे त्यांना ठाऊक होतं. तिघांवर कोर्टमार्शल झालं, रॉजर टेरी यांना 150 डॉलर दंड झाला. हा डाग पुसायला 1995 साल उजाडलं.

26 जुलै 1948 ला राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी सैन्यातला वंशभेद संपवणारा आदेश काढला. मे 1949 मध्ये हवाई दलाच्या पहिल्या नेमबाजी स्पर्धेत 332 व्या ग्रुपने आपल्या गटात पहिला क्रमांक मिळवला. करंडक मिळाला, आणि मग तो दिसेनासा झाला. कित्येक वर्षं छापील यादीत 1949 चा विजेता 'अज्ञात' असा होता. 2004 साली तो करंडक हवाई दलाच्याच संग्रहालयाच्या गोदामातून बाहेर निघाला. विजेत्या चमूतले हॅरी स्टुअर्ट पुढे नागरी विमान कंपन्यांकडे पायलटच्या नोकरीसाठी गेले, तर नकार मिळाला. कारण तुम्ही ओळखलं असेलच.

आपला काय संबंध?

1925 चा तो अहवाल वाचताना मला तो परका वाटला नाही. 'लढाऊ जमाती' आणि 'बिनलढाऊ जमाती' ही इंग्रजांची वाटणी आपल्याकडे आधीच झाली होती. ज्या महारांनी कंपनी सरकारच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या बंदूक धरली, त्यांची भरती 1890 च्या दशकात बंद केली. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. त्या पिढीने अर्जावर अर्ज केले. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा 111 वी महार पलटण उभी केली, गरज संपली, मोडली. पुन्हा महायुद्ध आलं. जुलै 1941 मध्ये, म्हणजे टस्कीगीची पहिली तुकडी सुरू झाली त्याच महिन्यात, डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक समितीवर गेले. 1 ऑक्टोबर 1941 ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. 1946 साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतल्या साम्याचा उल्लेख केला.

जात आणि वर्ण एकच आहेत असं मी म्हणत नाही, त्यावर भांडायला वेगळी पोस्ट लागेल. पण 'तुमच्यात धमक नाही' असं कागदावर लिहून माणसाला बाहेर ठेवायचं, आणि नड आली की 'वेगळी तुकडी' करून बोलवायचं, ही पद्धत दोन्हीकडे सारखी दिसते.

आणखी एक. पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात कितीतरी गावांत चावडीला नाहीतर शाळेच्या भिंतीत पहिल्या महायुद्धाचा फलक असतो. गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत. बहुतेक ठिकाणी नुसता आकडा. नाव नाही. दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत, इटलीत, ब्रह्मदेशात गेलेले आपल्या भागातले म्हातारे आता जवळपास संपले. 1965 आणि 1971 चे अजून आहेत, पण ऐंशीच्या आसपास पोचलेत. टस्कीगीला 800 मुलाखती घेतल्या तेव्हा संग्रहालय उभं राहिलं. मुलाखती उशिराच सुरू झाल्या होत्या, तरी माणसं होती.

म्हणून एक विनंती. आपल्या गावात, भावकीत कुणी माजी सैनिक असतील, कुठल्याही जातीचे, कुठल्याही हुद्द्याचे, स्वयंपाकी असोत नाहीतर ड्रायव्हर, त्यांच्यासमोर मोबाईल ठेवा आणि तासभर बोलू द्या. शौर्याच्याच गोष्टी विचारू नका. भरती कशी झाली, पहिला पगार किती, जेवायला कुणाच्या पंगतीत बसवलं, सुट्टीवर आल्यावर गावाने कसं वागवलं, हे विचारा. पेन्शनचा कागद, डिस्चार्जचं पुस्तक, जुना फोटो असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा. फोटोमागे नाव आणि साल लिहा. आणि आजोबा सांगतील त्यात थोडं वाढवून सांगतील, तर सांगू देत, पण तारीख कागदाशी ताडून बघा.

कुणाकडे असं काही असेल तर खाली कळवा. मी स्वतः येऊन रेकॉर्ड करीन. दोन-चार जमले तरी शाळेच्या एका वर्गात छोटं प्रदर्शन लावता येईल. हँगर नसला तरी चालेल.